ब्लेडसोविरुद्ध बारावं मत

माझ्या सासऱ्यांनी ट्रॉय ब्लेडसोच्या विरुद्ध अकरा वेळा मत दिलंय आणि अकराही वेळा ब्लेडसोच निवडून आलाय. दर दोन वर्षांनी आमच्या डोंगरांतून एक माणूस वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये पाठवायचा असतो, आणि बावीस वर्षं आम्ही याच एकाला पाठवतोय. पोरं सासऱ्यांना पॅपॉ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. आर्व्हिल स्लोन हे नाव फक्त टपालावर येतं.

यंदा ब्लेडसो पडणार अशी हवा होती. न्हाव्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे तेच बोलत होते. पॅपॉ सहा महिने खुशीत होते. तर नेमकं ऑगस्टात मतदाराचं नवं कार्ड आलं. आम्ही आता शेजारच्या मतदारसंघात होतो. ब्लेडसो पडणार आणि त्याला पाडायला पॅपॉ नसणार.

दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की राजधानीत बसून रेघा नव्याने ओढतात. माझ्या सासूबाई, म्हणजे मॅमॉ, सांगतात की आमचा मतदारसंघ मूळचा बिडाच्या तव्यासारखा होता, गोल आणि एक दांडा. मग सिमेंट कारखान्यातले युनियनवाले भलतीकडेच मतं देतात म्हणून तव्याला खोक पाडली. पुढे कुणाच्या तरी मेव्हण्याला उभं राहायचं होतं, त्याचं घर आत यावं म्हणून दांडा वाकवला. आता नकाशा समोर धरला की माझी दीड वर्षांची जून त्याला ‘बदक’ म्हणते, आणि घरात तिला कुणी खोडून काढत नाही. यंदा त्या बदकाची शेपटी गावाच्या जुन्या हद्दीवर, म्हणजे हार्पर ओढ्याच्या मधोमध कापली होती. ओढ्याच्या पश्चिमेचे लोक ब्लेडसोकडे, पूर्वेचे शेजारच्या मतदारसंघात.

आमचं घर पूर्वेला आहे. पण पूर्वी ते पश्चिमेला होतं. घर हललं नाही, ओढा हलला. बावीस वर्षांपूर्वीच्या पुरात तो रातोरात घरापुढून उठून घरामागे गेला. पुढच्या अंगणातला पूल तसाच राहिला, गवतावर. पॅपॉ अजूनही त्या पुलावरूनच घरात येतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही त्यावरूनच आणलं, आणि सगळे असे गंभीर चेहऱ्याने उभे होते की खाली पाणी का नाही हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

पॅपॉ कार्ड घेऊन काउंटीच्या कचेरीत गेले. मी गाडी चालवली, जून मागे पेंगत होती. तिथली क्लार्क नेवा कॅडल पॅपॉंच्या वर्गातली. तिने चष्मा लावून नियम समजावला. ओढा वर्षानुवर्षं हळूहळू सरकला असेल तर रेघही त्याच्याबरोबर सरकते. एकदम उडी मारून गेला असेल तर रेघ जुन्याच जागी राहते. तेव्हा उडी मारल्याचा कागद आण.

“कागद कशाला? पूल बघायला चल.”

“पुलाची साक्ष चालत नाही, आर्व्हिल. तू तो हौसेखातर बांधला नाहीस कशावरून?”

झालं. आठवडाभर पॅपॉंनी फडताळं उपसली. वर्तमानपत्राची कचेरी त्याच पुरात बुडाली होती, त्या महिन्याचे अंक निघालेच नव्हते. शेवटी जेवताना मॅमॉ उठल्या, बियांच्या डब्यातून एक घडी घातलेला कागद काढला आणि मक्याच्या ब्रेडशेजारी ठेवला. ब्लेडसोच्या पहिल्या प्रचाराचं पत्रक होतं ते. फोटोत तरुण ब्लेडसो नव्याकोऱ्या रबरी बुटांत आमच्या पुलावर उभा, खाली नुसता चिखल, शेजारी पॅपॉ दात काढून हसतायत. खाली छापलं होतं, ‘एका रात्रीत स्लोनांचा ओढा गेला. मी तो परत आणीन.’

त्या मतदानापर्यंत ओढा काही परत आला नाही, नंतरही नाही. अकरा मतांचं मूळ तेवढंच.

त्या माणसाचा कागद बावीस वर्षं आपल्या घरात होता हे कळल्यावर पॅपॉंचा घास तसाच राहिला. का ठेवलास, एवढंच त्यांनी विचारलं.

“तो नुकताच चिखलात आपटला होता, म्हणून तुम्ही हसताय,” मॅमॉ म्हणाल्या. “तुमचा हसतानाचा दुसरा फोटो आहे का एखादा?”

पॅपॉंनी पत्रक दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसं धरून काउंटीच्या निवडणूक मंडळापुढे सुनावणीला नेलं. समोर नेवा, शेरीफ आणि दोन्ही पक्षांचा एकेक माणूस. तारीख, फोटो, ‘एका रात्रीत’, सगळं बरोबर होतं. खुद्द ब्लेडसोचीच साक्ष. नेवाने अर्ज पुढे सरकवला आणि सही घेण्याआधी थांबली. म्हणाली की रेघ एका घरापुरती हलत नाही. ओढ्याच्या त्या वळणावर आठ घरं आहेत. एक तुझं, बाकी सात बॅगलींची.

बॅगली म्हणजे ब्लेडसोचं आजोळ. सात घरांत पंधरा मतं, आणि पंधराही भाच्याला.

पॅपॉंच्या पक्षाचा माणूस खाकरला. त्याने त्यांना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विनवलं की अर्ज मागे घ्या, एका घरासाठी पंधरा मतं कशाला आत घेताय, यंदा प्रत्येक मत मोलाचं आहे. पॅपॉंनी टेबलाशी येऊन अर्ज पुढ्यात ओढला. त्यांचा हात धरावा असं मला वाटलं, पण माझ्या हातात जून होती.

“मोजायचं काम तुमचं,” पॅपॉ म्हणाले. “माझं द्यायचं.” आणि सही केली. रेघ ओढ्याच्या जुन्या पात्रात परत गेली.

मतदानाच्या सकाळी आम्ही निघालो तर वळणावर ऑर्ला बॅगली काठी टेकून उभी. वय शहाऐंशी, गाडी चालवणं बंद, मतदानाची शाळा नऊ मैलांवर. पॅपॉंनी ब्रेक दाबला, मनातल्या मनात बरंच काही बोलले असावेत, आणि दार उघडलं.

“बस. पण गाडीत त्याचं नाव काढायचं नाही.”

“मग नऊ मैल बोलायचं काय?” ऑर्ला म्हणाली.

तिने नाव काढलं नाही. फक्त भाच्याचं लहानपण, त्याचा गोवर आणि त्याने पाळलेली शेळी यावर बोलली.

शाळेच्या व्यायामशाळेत तिला मतपत्रिकेवरची बारीक अक्षरं दिसेनात. मदतीला हवा तो माणूस घेता येतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. ऑर्लाने काठी पॅपॉंकडे रोखली. दोघं आडोशाला गेले. मी जूनला कडेवर घेऊन रांगेत होते. आतून काही ऐकू आलं नाही, पण पॅपॉंची पाठ दिसत होती. दाढी करताना वाकतात तसे ते वाकले होते. नावापुढचा गोल भरताना रेघेबाहेर शाई जाऊ नये म्हणून त्यांनी श्वासही रोखला असावा.

बाहेर आल्यावर ऑर्लाने विचारलं, नीट भरलंस ना रे?

“सांगितलंस तसं. मत तुझं आहे.”

मग ते टेबलाशी गेले, स्वतःची मतपत्रिका घेतली, आणि तिथल्या बाईंना म्हणाले, दुसरं पेन द्या.