दादाची योग्य वेळ

चिमणीच्या माहेरी एक रीत होती. कुणाचं काही चांगलं चाललेलं असलं की त्याला वाईट बातमी सांगायची नाही. परीक्षा असो, बाळंतपण असो, नवं घर असो, ते आधी पार पडू द्यायचं. मोठी मावशी वारली तेव्हा चिमणीचा पेपर होता. सगळी माणसं तोंडं धुऊन, पावडर लावून तिच्यासमोर जेवायला बसली होती. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं घरात कौतुकाने सांगितली जायची आणि सांगणाऱ्यांत चिमणीचाच आवाज मोठा असायचा.

या रितीचा राखणदार म्हणजे तिचा भाऊ, दादा. लोकांना मोटार शिकवायचा. ब्रेकसुद्धा असा दाबायला लावायचा की मागे झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये. त्याचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्यांनी सिगारेटींवर खापर फोडलं, दादा वाचला आणि विषय मिटला.

आता चिमणीचा नंबर लागला होता. तिचीही आतड्यातली गाठ काढली, पण रोग यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरीणबाई आडवळणाने बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"गाठीचा तुकडा तपासला," त्या म्हणाल्या. "पेशींमधल्या चुका दुरुस्त करणारी दोन प्रथिनं त्यात दिसत नाहीत. असा दोष आईबापांकडून आलेला असू शकतो. रक्त तपासलं की पक्कं कळेल. तुमच्या भावाच्या गाठीची ही तपासणी झाली होती का? हल्ली सगळ्यांचीच करतात."

"झाली असती तर दादा बोलला असता."

"तेव्हा कळलं असतं तर तुमचं आतडं दुर्बिणीने वेळेवर बघता आलं असतं. गाठ व्हायच्या आधी, नुसते कोंब असतानाच काढून टाकतो आम्ही. असो. मुलीचं तरी आता लांबवू नका."

चिमणी मुलीला घेऊन तडक दादाकडे गेली. मुलगी आतल्या खोलीत मामेभावाशी बोलत बसली. चिमणीने दादाला सरळच विचारलं. दादाने चष्मा काढला आणि पुसत बसला. तेवढ्यावरूनच तिला काय ते कळलं.

"सांगणारच होतो गं," तो म्हणाला. "रक्ताचंही पक्कं झालं होतं. पण तेव्हा तुझं शिवणाचं दुकान उघडत होतं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तुला हसताना बघत होतो. म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत."

"मग?"

"मग तुला शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं. मग पोरीचा निकाल. तुझं सगळं चांगलंच चाललं होतं, चिमणे. वेळच सापडेना."

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो नुसता संताप. त्यातही जीव जळत होता तो याने, की दादाच्या जागी ती असती तर तीही बहुतेक गप्पच बसली असती. दादाचं प्रेम खोटं आहे असं तिला म्हणताही येईना.

"पोरीला आजच नको सांगूस," दादा हळूच म्हणाला. "नोकरीची मुलाखत आहे ना तिची? ती होऊ दे."

चिमणीने बसल्या जागेवरून मुलीला हाक मारली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. पोरीचा चेहरा उतरला, पण डोकं ठिकाणावर होतं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या मामेभावाकडे ती वळली. "म्हणजे तुलाही तपासून घ्यायला हवं."

"माझं केव्हाच झालं," तो म्हणाला. "कोंब निघाले होते, काढून टाकले." मग त्याने बापाकडे बघितलं. "बाबा, आत्याला सांगितलंय म्हणाला होतात ना?"

दादाशेजारी बसलेली वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली.

"कधी झालं तुझं?" चिमणीने भाच्याला विचारलं.

"लग्नाच्या आठवड्यातच. मी म्हणत होतो, लग्नानंतर बघू. बाबा ऐकायला तयार नव्हते, ओढतच घेऊन गेले."

चिमणी उठली. दादा अजून चष्माच पुसत होता.

"ज्याला जगवायचं होतं त्याच्या आनंदावर तू विरजण घातलंस, दादा," ती म्हणाली. "माझा तेवढा जपलास."