पाणी मोजणाऱ्या वाटीची हरकत

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची वाटी आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसलात ना? हसा, सगळे आधी हसतातच. पण हे भोक झिजून पडलेलं नाही, मुद्दाम पाडलेलं आहे. याच भोकाच्या भरवशावर ऐत ऊलमू गावातली बावीस घरं जगली.

खाली शहरातल्या तांबटाने मला घडवलं. त्याने सुईएवढं भोक पाडलं, मला पाण्यात सोडलं, बुडायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि पुन्हा ठोकायला घेतलं. आमच्या गावचा पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी वाटून देणारा माणूस, दिवसभर समोर उकिडवा बसून होता. शेवटी तांबट वैतागला. "अहो, वाटी घेताय की सून पसंत करताय?" पाटकरी म्हणाला, "सून भांडली तर घर फुटेल. ही चुकली तर गाव फुटेल." मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

गाव डोंगरात आहे. वर झरा, झऱ्याखाली हौद, हौदातून निघालेला पाट आणि पाटाच्या दोन्ही अंगांना अक्रोड, बदाम नि जवाची टीचभर वावरं. माझं काम सोपं होतं. हौदाच्या काठावर पाण्याने भरलेलं घंगाळ असायचं, त्यात मला तरंगत सोडायचे. भोकातून पाणी हळूहळू आत यायचं आणि मी भरून तळाला बसायची. एकदा बुडाले की एक वाटी झाली. ज्याच्या हक्काच्या चार वाट्या, त्याच्या वावरात पाट तेवढाच वेळ. श्रीमंत असो, इमाम असो, माझ्यापुढे सगळे सारखे.

एकदा मूहा नावाच्या गड्याने आपल्या पाण्याच्या वेळी मला बुडायला उशीर लागावा म्हणून भोकाला हळूच जवाची कणीक लावली. पकडला गेला. मग वर्षभर बायका त्याला विचारायच्या, "काय रे मूहा, आज वाटीला जेवू घातलंस की उपाशीच ठेवलंस?" बिचारा वाट बदलून जायचा.

पहिल्या पाटकऱ्याचा नातू हद्दू. म्हातारा झाल्यावर सगळे त्याला मानाने दा हद्दू म्हणू लागले. चाळीस वर्षं त्याने मला सांभाळलं. राख लावून घासायचा, बोटाने भोक चाचपून बघायचा. त्याची विधवा भावजय तूदा हिच्या हक्काच्या दोनच वाट्या होत्या आणि अक्रोडाची सात झाडं. जीभ मात्र तिखट. "भाऊजी, वाटी बुडाली की तुमचा डोळा लागला?" असं तिने हटकलं नाही, असा तिच्या पाण्याच्या पाळीचा दिवस गेला नाही.

मग तो उन्हाळा आला. झरा आटत चालला होता, प्रत्येकाच्या वाट्या निम्म्यावर आणल्या होत्या. त्या दिवशी तूदाची पाण्याची पाळी होती. तेवढ्यात जीपमधून दोन साहेब उतरले, धुळीने माखलेले, हातात वह्या. झालं! पाहुणे दारात आल्यावर आमच्याकडे दुसरं काही सुचत नाही. दा हद्दूने त्यांच्यासाठी तूदाचा पाट थांबवला. साहेबांनी तोंडं धुतली, डबे भरून घेतले, पुदिन्याचा चहा झाला. जाताना एकाने सहज विचारलं, "बाबा, पाणी पुरतं का तुम्हाला?"

दा हद्दू हसून म्हणाला, "पुरून उरतं, साहेब! संकोच कसला करता? अजून एक डबा भरा."

मित्रांनो, यात खोटं बोलायचा हेतू नव्हता. पाहुण्यापुढे पाणी कमी आहे म्हणणं म्हणजे त्याला हाकलून देणं, असं आमच्याकडे मानतात. जीप गेल्यावर तूदा एवढंच म्हणाली, "माझी एक वाटी गेली, भाऊजी. जाऊ द्या, पाहुणे गोड होते." साहेबाने मात्र वहीत काहीतरी लिहिलं होतं. ते मी पाहिलं होतं. पण मला कोण विचारणार!

पुढच्या वर्षी कळलं की झऱ्याच्या वरच्या अंगाला खाण होणार. तांब्याची खाण! ऐकून मला माझ्याच अंगाची लाज वाटली.

हरकती ऐकायला शाळेच्या अंगणात मांडव घातला. झाडून सारं गाव आलं, मूहासुद्धा. सरकारी अधिकाऱ्याने विचारलं, "झऱ्यावर तुमचा हक्क असल्याचा कागद आहे?" कागद कुठला असणार? दा हद्दूने टेबलावर घंगाळ ठेवलं आणि मला पाण्यात सोडलं. "हा आमचा कागद, साहेब. खाणीने झरा ओढून घेतला, तर ही वाटी मोजणार काय?" सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. मी मन लावून बुडत होते. वाटलं, आता जिंकलोच.

मी तळाला टेकले आणि टेबलापलीकडच्या साहेबाने वही उघडली. तोच तो, चहा प्यायलेला. त्याने वाचलं, "गावच्या पाटकऱ्याचे स्वतःचे म्हणणे, पाणी पुरून उरते."

दा हद्दूने मला घंगाळातून बाहेर काढलं. तूदाच उठली. "अहो, ते पाहुण्याला सांगितलं होतं, खाणीला नाही! आमचं पाणी प्यायलात आणि आमच्यावरच लिहून ठेवलंत? तुमच्या आईने पाहुण्याला पाणी नाही म्हणून सांगितलं असतं का?"

साहेबाने मान खाली घातली. अधिकारी म्हणाला, "बाई, तुमची हरकत नोंदवली आहे." बस्स, एवढंच.

खाण झाली. मी पूर्वीइतक्याच वेळात बुडत राहिले, मला दुसरं येतच नाही. पण पाट इतका बारीक झाला, की पूर्वी दोन वाट्यांत सगळं वावर भिजायचं, तेवढ्या वेळात आता झाडाचं एक आळंही भिजेना. तूदाची सातही झाडं उभ्या उभ्या वाळली. ती खाली शहरात लेकीकडे राहायला गेली. निघताना दा हद्दूला म्हणाली, "तुमची चूक नाही, भाऊजी. पुन्हा कोणी आलं असतं तरी तुम्ही तेच म्हणाला असता." त्यावर तो लहान मुलासारखा रडला. तिचं बोलणं खरंच होतं ना!

आता आठवड्यातून एकदा टँकर येतो. घंगाळ उपडं पडलं आहे. तरी दा हद्दू रोज मला घेऊन कोरड्या हौदाच्या काठावर बसतो.

परवा तिथे परक्या मुलखातला एक मेंढपाळ आला आणि त्याने घोटभर पाणी मागितलं. दा हद्दूजवळ दिवसभरासाठी एक बाटली होती आणि भांडं म्हणून मीच. त्याने बोटाने माझं भोक दाबून धरलं, मला काठोकाठ भरलं आणि मेंढपाळाच्या ओठांशी नेलं. इतकी वर्षं मी पाणी मोजलं, पण कोणाची तहान पहिल्यांदाच भागवली.

पाणी पिऊन मेंढपाळाने विचारलं, "बाबा, पुरतं का हो पाणी तुम्हाला?"

दा हद्दूने माझ्या भोकावरचं बोट काढून घेतलं.

मित्रांनो, पाहुण्याला आपल्या घोटातला घोट जरूर द्या. पण तुमच्या झऱ्याबद्दल कोणी विचारलं, तर संकोच न करता खरं ते सांगा. दा हद्दूनेही परवा सांगितलं, हलक्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच.

"नाही रे बाळा. पुरत नाही."

पण या वेळी ते लिहून घ्यायला तिथे कोणीच नव्हतं.