सोमल घातला होता

त्या साली पौषात वलगावच्या लोकांनी गाव सोडलं आणि पेढी नदीच्या अंगाला, देवीदासच्या भाजीच्या वावराशेजारी झोपड्या टाकल्या. गाठीचा रोग आला की काय करायचं, हे तोवर लहान पोरांनाही पाठ झालं होतं. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, गल्लीत पडले की गाव सोडायचं. पऱ्हाट्यांचे कुड, वर गवत, दाराला एक तट्टी. थंडी, धूळ आणि शेजारचं भांडण, तिन्ही आरपार येत अशा त्या झोपड्या. सरकारी माणूस घोड्यावरून यायचा, नाकाला रुमाल लावूनच सगळं पाहायचा आणि ठीक आहे म्हणून निघून जायचा. त्याचं काय जात होतं!

वच्छलाच्या झोपडीत तीन माणसं होती. ती, तिचा नवरा देवीदास आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक कौशल्या. कौशल्याचे दिवस भरत आले होते. चांदूर रेल्वेच्या व्याह्यांनी निरोप धाडला होता, की प्लेगच्या गावची माणसं तूर्त इकडे नकोत, बाळ-बाळंतीण सुखरूप झाली की पाहू. वच्छलानं त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि कामाला लागली.

काम म्हणजे उंदीर. झोपडी उभी राहते न राहते तोच तुराट्यांच्या गंजीतले सगळे उंदीर तिच्याकडे मुक्कामाला आले. त्यांनी ज्वारीचं पोतं फोडलं, बियाण्याला ठेवलेली वांगी कुरतडली आणि शिंक्यावरच्या भाकरीपर्यंत मजल मारली. वच्छलानं बिळांत काचा कोंबून वरून शेण लिंपलं, तर ते पलीकडून निघाले. तिनं गावातली एक मांजर धरून आणली. ती महामाया दूध पिऊन आपल्या रिकाम्या घरी परत गेली.

उंदीर बाकीच्या झोपड्यांतही होते, पण कोणाची तक्रार नव्हती. उलट लोकांना पळत्या उंदरांचा आधार वाटायचा.

"पयत्या उंदराचं काय भेव वं बाई?" सुईण पार्बताबाई म्हणायची. "पडत्याचं भेव हाय. खेयू दे त्याइले. ते हायत तवरिक आपून हावोत."

वच्छलाला ते पटत होतं. पण एके दिवशी तिनं गाठोडं सोडलं, तर बाळासाठी शिवलेल्या दुपट्याला हाताएवढं भोक. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा लावून ते सांधलं. मग एका सकाळी कौशल्याच्या अंथरुणावर रक्त दिसलं. वच्छलानं झटकन गोधडी ओढली. पाहिलं तर उंदरानं पोरीच्या पायाचा अंगठा कुरतडला होता आणि तिला पत्ताही लागला नव्हता. एवढ्या मोठ्या बाईची ही गत, मग उद्या येणाऱ्या लेकराची लोण्यासारखी बोटं? वच्छलाला भाकर गोड लागेना.

"अमरावतीहून सोमलाचं जहर आना," ती देवीदासला म्हणाली. "गोया करून उंदरायच्या बियात टाकते. पन शेजारच्या पुंजारामभाऊले आंदी सांगून ठेवा, मेलेले उंदीर पाहून लोकं भेतीन."

देवीदासनं हातातली चिलीम खाली ठेवली.

"सोमल आनतो," तो म्हणाला. "पन पुंजारामले कोन्या तोंडानं सांगू?"

 त्या तोंडाचं कारण वच्छलालाही ठाऊक होतं.

मार्गशीर्षात गावातला पहिला उंदीर यांच्याच घरात, कणगीपाशी पडला होता. देवीदास त्याला शेपटीनं धरून उकिरड्याकडे निघाला आणि नेमका दारात शेजारचा पुंजाराम भेटला. वावरात वांगी, मेथी, कोथिंबीर ऐन भरात आली होती. उंदीर पडल्याची बातमी फुटली असती, तर अमरावतीच्या बाजारात वलगावच्या टोपलीला कोणी हात लावला नसता. "सोमल घातला होता," देवीदास पटकन बोलून गेला. पुंजारामनं वच्छलाकडे पाहिलं. वच्छलानं मान हलवली. एवढंच झालं. भाजी विकली गेली. पुढे काही दिवसांतच पुंजारामच्या घरात उंदीर पडले आणि त्याची बायको दुर्गाबाई तापानं फणफणली. काखेत गाठ उठली आणि पाहता पाहता ती गेली.

दुर्गाबाई वच्छलाची जिवाभावाची. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, कौशल्यासुद्धा. "कौशीचं लेकरूबी मीच झेलीन," असं ती कौशल्याच्या लग्नातच सांगून बसली होती. तिच्यामागे ते काम पार्बताबाईकडे आलं. पुंजारामनं त्या उंदराचा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि तो काढत नव्हता हेच वच्छलाला जास्त जाचायचं.

देवीदासनं सोमल आणला. वच्छलानं ज्वारीच्या पिठात गूळ घालून गोळ्या वळल्या, त्या बिळांत खोल सारल्या, हात राखेनं घासघासून धुतले. सांगायचं राहिलं ते राहिलंच. उंदीर बिळातच मरतील, कोणाला कळणार आहे, अशी तिनं मनाची समजूत घातली.

पण सोमल खाल्लेला उंदीर पाण्यासाठी बाहेर येतो. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला एक उंदीर झिंगत झिंगत झोपड्यांच्या मधोमध आला, गोल फिरला आणि पडला. अगदी प्लेगचा पडतो तसाच. मग दुसरा गंजीपाशी पडला. तिसरा तर पुंजारामच्या रांजणाखाली.

मग काय विचारता! कोणी ओरडलं, कोणी देवाचं नाव घेतलं आणि सगळी वस्ती उठली. तट्ट्या उपसल्या गेल्या, बंड्या जुंपल्या गेल्या, चुलीवरची भाजी तशीच राहिली. नदीपलीकडच्या माळावर जायचं ठरलं. देवीदासच्या झोपडीकडे कोणी पाहीना. उंदीर तिथूनच निघाले, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. या गलबल्यातच कौशल्याला कळा सुरू झाल्या.

वच्छला पदर खोचून बंड्यांमागे धावली. पार्बताबाई आपलं गाठोडं घेऊन पुंजारामच्याच बंडीत बसली होती.

"भाऊ, थांबा! हा पिलेग नाई. म्या सोमल घातला होता. उंदरानं पोरीचा पाय कुरतडला म्हून घातला. पार्बताबाईले उतरू द्या, कौशीच्या कळा सुरू झाल्या!"

पुंजारामनं बैल थांबवले. तो रागावला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

"त्या टायमालेबी सोमलच होता नं, वयनी?" तो म्हणाला.

मागच्या बंड्याही थांबल्या. सगळे ऐकत होते. हो म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, आणि नाही म्हटलं तर या गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. तेवढ्यात झोपडीकडून कौशल्याची किंकाळी आली.

"नाई," वच्छला म्हणाली. "तवा सोमल नव्हता. तवा उंदीर पडला होता. आमी भाजीपायी खोटं बोललो, भाऊ. हे बोलले अन् म्या मान हालवली. आज खरं सांगून राहिली. हाता-पाया पडते, सुईन द्या."

एक बाई थुंकली. मागून कोणीतरी देवीदासच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुंजाराम कासरा हातात धरून नुसता उभा होता. 

"भाऊ, तुमी काईतरी बोला," एवढंच म्हणून वच्छला थांबली नाही. लेकीची हाक तिला मागे ओढत होती. ती उलट पावली झोपडीकडे धावली.

बाळ पायाळू होतं. पाय आले, धड आलं आणि मान अडकली. वच्छलानं आपली पोरं जन्माला घातली होती, दुसऱ्याची कधी सोडवली नव्हती. देवीदास तट्टीबाहेर कपाळ बडवत होता. दुर्गा अशा वेळी काय करायची, ते आठवायचा तिनं जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. दुर्गाचे हात आठवले, हातांचं काम आठवेना.

पार्बताबाई आली, पण उशीर झाला होता. बंडीतून उतरताना तिच्या सुनेनं तिला अडवून धरलं होतं, तुम्ही रोग घेऊन परत याल म्हणून. शेवटी पुंजारामच ओरडला होता, "जाऊ दे तिले! असा गुन्हा कोनी खोटा कबूल करत नाई." पार्बताबाईनं बाळ सोडवलं. मुलगा होता, केसाळ, अंगानं भरलेला. काळानिळा पडला होता. तिनं त्याला थापटलं, पालथं केलं, तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही. कौशल्या शुद्धीत नव्हती, पण ती वाचली होती.

ऊन कलल्यावर पुंजाराम कुदळ घेऊन एकटाच आला. न विचारता त्यानं वावराच्या बांधाशी लहानसा खड्डा खणला. देवीदास त्याच्या पायावर डोकं ठेवायला वाकला, तर पुंजारामनं पाय मागे घेतले आणि खणत राहिला.

वच्छला बाळाला ठिगळाच्या दुपट्यात गुंडाळून घेऊन आली.

"दुर्गी असती तं," पुंजाराम म्हणाला आणि थांबला.

"दुर्गी असती तं किती उंदीर पडले असते तरी ती माह्या कौशीले सोडून गेली नसती," वच्छला म्हणाली. "अन् हे लेकरू आज रडलं असतं. तिले आमीच मारलं, भाऊ."

पुंजारामनं नाही म्हटलं नाही. त्यानं डोळे पुसले, कुदळ बाजूला ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.

तेवढ्यात झोपडीतून कौशल्याचा बारीक आवाज आला. ती नुकतीच शुद्धीवर आली होती आणि तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

"माय वं," ती म्हणत होती, "लेकराले खाली नोको ठेवजो बरं. उंदीर हायत."

"नाई ठेवत, माय," वच्छलानं तिथूनच उत्तर दिलं. मग तिनं ते गाठोडं पुंजारामच्या हातांत दिलं.