वास्टल मावतो!

मित्रांनो, मी एक जुनी, झाकणाची टोपली आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. कोर्टात जाऊन खटला जिंकलेली दुसरी टोपली तुमच्या पाहण्यात असेल, तर खुशाल सांगा!

माझा जन्म माइन नदीच्या काठचा. एका सिग्नलवाल्याने वाळुंजाच्या लवचीक काड्या भिजवून मला विणलं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्याच्या हातांना स्वस्थ बसवत नसे. त्याने माझ्या झाकणाला चामड्याचा पट्टा लावला आणि पुढची कित्येक वर्षं मी त्याची काळी भाकरी, सॉसेज आणि मुळ्याच्या चकत्या वाहिल्या. लोक म्हणत, "टोपली असावी तर अशी!" मी ऐकून फुगत असे. मग तो गेला आणि माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. तिथे कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले, माझा पट्टा वाळून खडखडीत झाला. त्या दिवसांबद्दल फार बोलवत नाही.

एके दिवशी त्याची मुलगी गुंडेल धापा टाकत वर आली. आता तीही म्हातारी झाली होती. तिच्या काखेत एक डॅशहंड कुत्रा होता. आखूड पाय, लांबलचक अंग आणि तोरा जहागीरदाराचा. "चल गं बये, तुला भाडेकरू आणलाय," ती म्हणाली. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, पट्ट्याला चरबी चोळली. असा वास्टल माझ्यात राहायला आला.

दर बुधवारी आम्ही गाडीने बाम्बर्गला गुंडेलच्या बहिणीकडे जायचो. रेल्वेचा नियम साधा होता. बंद टोपलीत मावणारा लहान कुत्रा फुकट, मोकळ्या कुत्र्याला अर्धं तिकीट. गुंडेल फक्त स्वतःचं तिकीट काढायची, कारण वास्टल माझ्यात बसायचा.

पण तिचे गुडघे दुखायचे. ती आधी स्वतः टेकायची आणि मग वास्टलला आत घालायची. नेमके त्याच वेळी तपासनीस लिंडनर येऊन उभे राहायचे. दोनदा त्यांनी ताकीद दिली. तिसऱ्यांदा मात्र ते भडकले.

"बाई, ही टोपली नुसती दाखवायला आणता होय? एवढं लांब कुत्रं यात मावेल तरी का?"

"मावतो की! रोज मावतो."

लिंडनरांनी माझं झाकण सताड उघडलं. "घाला बघू!"

वास्टल जागचा हलला नाही. गुंडेलने चुचकारलं, दटावलं, मागून ढकललं. त्याने चारही पाय ताठ केले आणि खिडकीबाहेर बघत राहिला. लिंडनरांनी कुत्र्याचं तिकीट नसल्याची तक्रार लिहिली आणि दंड ठोकला.

गावात बातमी पोहोचायला कितीसा वेळ! बेकरीवाली वाल्बुर्गा दारातूनच ओरडली, "काय गं गुंडेल, तुरुंगात कुत्र्याला वेगळी खोली देतात का?" मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "दंड भर आणि मोकळी हो. उगाच कशाला कोर्टकचेरी?"

"दंड भरला म्हणजे चोरी कबूल केली," गुंडेल म्हणाली. "माझ्या बापानं जन्मभर याच रुळांवर सिग्नल ओढले. त्याची पोर फुकटी म्हणून कागदावर येणार? मेले तरी नाही!"

त्या रात्री मात्र तिने माझ्या झाकणावर डोकं टेकलं आणि ती रडली. मला फार वाईट वाटलं.

कोर्टात ती काळा कोट घालून उभी राहिली. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून वास्टलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्रश्न एवढाच आहे, हा यात मावतो का? घाला पाहू."

शिपायाने माझं झाकण पुन्हा सताड उघडलं. वास्टल पुन्हा ताठ! कुणीतरी फिदीफिदी हसलं. लिंडनर म्हणाले, "बघितलंत?" गुंडेलचा चेहरा पांढराफटक पडला. मला कारण ठाऊक होतं हो, पण टोपलीला वाचा कुठली?

न्यायाधीश बाईंनी विचारलं, "घरी कसं करता?"

"घरी?" गुंडेलने माझ्या सताड झाकणाकडे पाहिलं. "घरी मी झाकण असं उघडं टाकतच नाही. अहो, याच्या सात पिढ्या शिकारीसाठी बिळात शिरण्यात गेल्या! उघड्या परातीत कशाला बसेल तो?" तिने माझं झाकण खाली ओढलं आणि फक्त एक अंधारी फट ठेवली.

वास्टलने नाक हलवलं. फट हुंगली. आणि सुळ्ळकन आत! एक गिरकी घेतली, शेपूट पोटाशी दुमडली, माझ्या तळाशी वेटोळं करून पडला. न्यायाधीश बाई स्वतः खाली आल्या, झाकण दाबून त्यांनी पट्टा अडकवला. आतून घोरणं ऐकू आलं. अख्खं कोर्ट खदखदून हसलं.

"लिंडनर, तुम्ही आलात तेव्हा बाई नीट बसल्या तरी होत्या का?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

लिंडनरांनी टोपी काढली. "नव्हत्या. चुकलं माझं."

गुंडेल निर्दोष सुटली! अभिमानाने माझी एकेक काडी ताठ झाली.

पुढच्या बुधवारी गाडीत लिंडनर आले. वास्टल खिडकीशी, बाकावर आपली चादर अंथरून मोकळाच बसला होता. ते गोंधळले. "बाई, पुन्हा? अहो, आता तर फुकट नेता येतंय त्याला!"

गुंडेलने दोन तिकिटं पुढे केली. एक तिचं, एक अर्धं. "न्यायचं तर नेईन की टोपलीतून. पण आज त्याला शेतं बघायचीत."

लिंडनरांनी वास्टलचं तिकीट गंभीरपणे टोचलं आणि त्याला सलाम ठोकला. शेजारी मी रिकामी होते, पण रिकामं असल्याचं त्या दिवशी मला मुळीच दुःख झालं नाही.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल. तिला खाली आणा, ओलं फडकं फिरवा. आणि कोण कुठे मावत नाही हे ठरवण्याआधी, त्याला त्याच्या रीतीने आत शिरू द्या.