रजईतली सुई

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर ओळीनं बसलेल्यांच्या गळ्यावरून शुद्धीबाबा हात फिरवीत, त्यांचा तपासणीचा कागद उंच धरीत आणि गर्जत, "रक्तात एचआयव्ही दिसत नाही! स्पर्शानं जळाला!" ज्याचा कागद असा स्वच्छ नसेल, त्याची श्रद्धा कच्ची, त्यानं खालीच बसावं.

त्या ओळीत शिंपीमास्तर होते. बायको मागच्या खुर्चीतून बघत होती. आजार कळला तेव्हाच तिचं रडू सरलं होतं. त्यानंतर पायाखाली मशीन आणि हाताखाली कापड, एवढंच उरलं होतं. घरी येताच मास्तरांनी एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या गटारात ओतल्या. बऱ्या माणसानं औषध खाणं म्हणजे बाबांवर अविश्वास, असं त्यांचं म्हणणं. ती मशीनवर बसली. टीप घालत राहिली.

पुढे एका सकाळी मास्तरांच्या कॉलरचं बटण लागेना. माप तिनंच घेतलेलं, चुकायचं कसं? तिनं बोटानं चाचपलं; जबड्याखाली गाठी टरारल्या होत्या. अंगात ताप. विष बाहेर पडतंय, शुभ आहे, असा बाबांचा निरोप आला. तिनं मशीनवर कापड झाकलं आणि मास्तरांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "मास्तर, रजईत सुई हरवली. वरून हात फिरवला, टोचली नाही. मग सुई नाही म्हणायची?"

"छे. कधीतरी टोचणारच."

"रक्त म्हणजे वरचं कापड. सुई आत, या गाठींत. तिथं शरीराच्या शिपाई-पेशी दाटीनं राहतात. विषाणू त्यांच्याच पोटात शिरून झोपतो. झोपलेला विषाणू औषधाच्या गोळीनं मरत नाही, पण ती त्याची पिलावळ वाढू देत नाही. गोळी थांबली की तो जागा होतो, आणि शिपाई खेटून उभे असल्यानं एकातून दुसऱ्यात उडी घेतो."

"म्हणजे रक्त गोळ्यांनी स्वच्छ झालं होतं," शिंपीण सावकाश म्हणाली, "आणि बाबा स्वच्छ रक्ताचेच तेवढे वर बोलावतात. आयत्या बिळावर नागोबा."

"विषाणूही तसलाच," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

पुढच्या सभेला दोघं गेली. मास्तर उघड्या कॉलरीनं उभे राहिले. "बाबा, मी तुमचा बरा झालेला माणूस. गोळ्या सोडल्या, हा गळा बघा. आता गोळी कधीच न घेतलेला एक जण बरा करून दाखवा."

श्रद्धा डळमळली की रोग परततो, असं बाबा पुटपुटले.

शिंपीण जागेवरून उठली. आवाज चढला नाही. "वर बसलेल्यांनो, गोळ्या कोण कोण घेतं?"

आधी एक हात वर झाला. मग दुसरा. मग सगळी ओळ. बाबांचा हात तेवढा एका तरुणीच्या गळ्यावर अधांतरी राहिला. तिनं तो बाजूला सारला, पर्स उघडली आणि सर्वांसमोर गोळी गिळली.

शिंपीण अजूनही रडत नाही. पण दुकानात कुणी नव्या चमत्काराची गोष्ट काढली, की पाय पॅडलवरून उचलते आणि सांगते: श्रद्धा तुमची तुमच्यापाशी, गोळी मात्र चुकवू नका. आणि नागोबा डोलताना दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे बीळ खणलं कुणी?