शेजारच्या खोलीतल्या मास्तरीणबाई

थोरलीने चौतीस वर्षं एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काढली. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि डोळा लावून पेशी मोजायच्या. तिच्या हातून एकाही बाटलीवरची चिठ्ठी कधी चुकली नाही आणि दुसऱ्याची चुकलेली तिच्या नजरेतून सुटली नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी तिच्या नेमणुकीचं साल चुकीचं सांगितलं, ते तिने बसल्या जागेवरून दुरुस्त केलं. सगळे हसले. तिला वाटलं, कौतुकाने हसले.

तिने लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि धाकटी बहीण अकराची. धाकटीच्या वेण्या, डबे, परीक्षा, पुढे तिचं लग्न, सगळं हिनेच निभावलं. त्यामुळे निवृत्तीनंतर पहिली गोष्ट ठरली ती अशी, की दोघींनीच आठ दिवस समुद्राकाठी जायचं. पावसाळ्यात जाऊ, हा थोरलीचाच हट्ट. गर्दी तिला सोसत नसे. निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकटीचा फोन आला. लेकीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, दिवस भरायच्या आधीच काही व्हायचं, मला काही येता येणार नाही. थोरलीने रक्तदाब विचारला, पायांवर सूज आहे का विचारलं आणि म्हणाली, "तू थांब तिच्याजवळ. मी जाते." बोलून गेली, आणि बोललेलं फिरवायची सवय नव्हती म्हणून निघाली.

हॉटेल ऐन किनाऱ्यावर होतं. चाळीस खोल्यांपैकी एकच बाजू उघडी होती आणि त्या बाजूलाही ती एकटीच. पोहण्याच्या तलावावर हिरवी ताडपत्री बांधलेली, तिच्यावर साचलेल्या पाण्यात नारळाच्या झावळ्या पडलेल्या. जेवणघरात खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या होत्या आणि मधोमध तिच्यापुरतं एक टेबल. किनाऱ्यावर लाल झेंडा, होड्या पालथ्या घातलेल्या, दुकानांची शटरं खाली. पाऊस आडवा यायचा. पहिल्याच दिवशी छत्री उलटी झाली आणि पर्समधला फोन भिजला; तेव्हापासून तो कानाला लावून ऐकू येईना, स्पीकर सुरू करावा लागे. टॉवेल वाळत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने कपाट उघडलं तर चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरली होती. बुरशीची जातसुद्धा ती सांगू शकली असती, पण कोणाला सांगणार?

हॉटेलात माणसं म्हणाल तर दोनच. एक आचारी, जो खिडकीतून ताट सरकवायचा आणि परत रेडिओपाशी जाऊन बसायचा. दुसरी काउंटरवरची बाई. चाळिशीची, काटक, सदा अंगात स्वेटर. तिचं घर पुलापलीकडे होतं, पुलावर पाणी चढलं की जाता येत नसे, म्हणून मोसम नसताना तीच मागे राहायची. पहिल्या दिवशी थोरलीने तिला रजिस्टरातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. त्यानंतर ती फक्त "हो मॅडम" एवढंच बोलायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन आला. ऊन आहे का, समुद्र कसा आहे, असं विचारता विचारता तिने जपून विचारलं, "ताई, एकटीला कंटाळा नाही ना येत?"

"एकटी कुठली? इथे ओळख झालीय की. शेजारच्या खोलीत एक मास्तरीणबाई आहेत, आणि त्यांचे मिस्टर."

हे तोंडातून कसं निघालं, तिचं तिलाच कळेना. आयुष्यात तिने अहवालात एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. पण पलीकडे धाकटीने असा काही सुस्कारा सोडला, की थोरलीला पुढे बोलावंच लागलं. मास्तरीणबाई भूगोल शिकवायच्या. मिस्टरांचा गुडघा दुखतो, पण पत्ते खेळायला बसले की उठत नाहीत. मग रोज थोडी थोडी भर पडत गेली. आज तिघं दीपगृहापर्यंत चालत गेलो, आज मिस्टरांनी पत्त्यांत लबाडी केली. सांगताना थोरलीला गंमत वाटे. फोन ठेवला की खोली आधीपेक्षा मोठी वाटे.

पाचव्या दिवशी धाकटी म्हणाली, मास्तरीणबाईंना फोन दे ना, दोन शब्द बोलते. थोरलीने सांगितलं, त्या अंघोळीला गेल्यात. सहाव्या दिवशी फिरायला गेल्या. तेव्हा धाकटी म्हणाली, "उद्या चारला करते. उद्या मात्र त्यांना बसवून ठेव हं."

सातव्या दिवशी साडेतीनला थोरली काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. असा अवघड पेपर तिने कधी दिला नव्हता. काय झालं ते तिने सरळ सांगितलं, खाली मान घालून, आणि शेवटी म्हणाली, "पाच मिनिटं तुम्हाला मास्तरीणबाई व्हावं लागेल."

काउंटरवरची हसेल, असं थोरलीला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने रजिस्टर मिटलं आणि विचारलं, "विषय कुठला?"

"भूगोल."

"मला भूगोलातलं ओ की ठो कळत नाही, मॅडम."

"ती काही विचारायची नाही."

चारला फोन वाजला. स्पीकर लावून थोरलीने तो काउंटरवर ठेवला आणि स्वतः समोर उभी राहिली. काउंटरवरचीने छान सुरुवात केली. तुमच्या ताईंमुळे आमचे दिवस बरे गेले, यांना तर पत्त्यांना जोडीदारच मिळाला, वगैरे. थोरलीला ऐकून बरं वाटत होतं, जणू खरंच कोणी तिच्याविषयी बोलतंय. मग धाकटीने विचारलं, ताई जवळ आहे का? काउंटरवरचीला वाटलं, आता थोडक्यात आवरावं. ती म्हणाली, "नाही, फोन माझ्याकडे देऊन त्या पुढे गेल्या. यांच्याबरोबर."

"बरं झालं," धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "तुम्हाला एक सांगते, पण तिला कळू देऊ नका. माझ्या लेकीला काही झालेलं नाही, ती ठणठणीत आहे. मीच कारण काढलं. आठ दिवस ताईबरोबर एका खोलीत माझ्याने निभलं नसतं हो. ती वाईट नाही. तिने मला वाढवलं, तिच्याइतकं कोणी केलं नसतं. पण मला आता पन्नाशी आली तरी मी पाणी कसं पिते तेसुद्धा ती बघते. तिच्यासमोर मला श्वास नीट घेता येत नाही. आले नाही, आणि मग रोज मनाला खात होतं, ती तिथे एकटी बसली असेल. तुम्ही भेटलात हे ऐकलं त्या दिवशी मी रडले. तिला सांभाळून घ्या. फटकळ बोलली तर मनावर घेऊ नका."

काउंटरवरचीचा हात फोनकडे गेला, पण बंद करावा की नाही हे तिला ठरवता येईना. थोरलीने नुसती मान हलवली, राहू दे. काउंटरवरची कशीबशी म्हणाली, "घेऊ सांभाळून." फोन बंद झाला.

बाहेर पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं. थोरलीने काउंटरवरची घंटी उगाच सरळ केली. मग म्हणाली, "तुम्ही चांगलं बोललात," आणि खोलीकडे गेली.

खोलीत दोन पलंग होते. एकावर ती सात दिवस झोपली होती, दुसऱ्यावरची चादर तशीच ताठ होती. तिला राग यावा असं वाटत होतं, पण येईना. डोळ्यांपुढे येत होतं ते भलतंच. पाणी पिणारी धाकटी, पेला तोंडाला लावायच्या आधी तिचं आपल्याकडे चोरून बघणं. हे तिने कितीतरी वेळा पाहिलं होतं. तिला वाटायचं, मुलगी शहाणी आहे, लक्ष देते. सूक्ष्मदर्शकाखालचं सगळं दिसलं आणि हे दिसलं नाही! ती बराच वेळ ताठ चादरीच्या पलंगावर बसून राहिली, आणि तिथे बसल्या बसल्याच रडली.

सहा वाजता तिने स्वतः फोन लावला.

"आवाज कसला येतोय गं?" धाकटीने विचारलं.

"पावसाचा. मी आल्यापासून पडतोय. एकही दिवस ऊन नव्हतं. मास्तरीणबाई कोणी नाहीत, इथे मी एकटीच आहे. तुझ्याशी बोलल्या त्या काउंटरवरच्या बाई. फोन भिजलाय, स्पीकरवरच चालतो. मी तिथेच उभी होते."

मग धाकटी रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, हुंदके गिळत. रडू नकोस, नाक पूस, पाणी पी, ही तिन्ही वाक्यं थोरलीच्या ओठांवर तयार होती. तिने एकही बाहेर येऊ दिलं नाही. ते फार कठीण गेलं.

"ताई, मी येऊ का उद्या?"

"उद्या मीच निघतेय. आणि अशी घाबरून येऊ नकोस. यावंसं वाटेल तेव्हा ये."

"रागावलीस?"

"माहीत नाही," थोरली म्हणाली, आणि हे खरं होतं.

त्या संध्याकाळी जेवणघरात एकाच टेबलाशी दोन ताटं आली. काउंटरवरचीने आचाऱ्याला तसं सांगून ठेवलं होतं. पुलावरचं पाणी उतरतंय, परवा घरी जाता येईल, असं काउंटरवरची म्हणाली. घरी कोण आहे, थोरलीने विचारलं. सासूबाई आणि मांजर, ती म्हणाली, आणि दोघांपैकी मांजर वाट बघतं. थोरलीला हसू आलं. सात दिवसांत पहिल्यांदा.

दीड महिन्याने धाकटीच्या लेकीला मुलगी झाली, वेळेवर, सुखरूप. धाकटीने फोन करून बोलावलं, चार दिवस राहा म्हणाली. म्हणण्याआधी ती जरा अडखळली, ते थोरलीने ऐकलं. ती दोन दिवस राहिली. बाळाला धरायची पद्धत जावयाला बरोबर येत नव्हती, दुपटं भलतीकडून गुंडाळलं होतं, औषधाच्या बाटलीचं झाकण उघडंच होतं. ती दोनदा बोललीच. तिसऱ्यांदा मात्र उठली, बाल्कनीत गेली आणि दार हळूच लोटून घेतलं.