गांडुळांचा कौल

भागिरथीबाईंच्या शेडबाहेर टेम्पो उभा होता. त्यात कारखान्यातला प्रेसमड होता, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळा चिखल. कोपरगावजवळच्या त्या गावात बायकांचा एक गट याच चिखलावर गांडुळं पोसून खत विकत असे. यंदा कारखान्याने ऊस पिळणारे रूळ धुवायला नवं जंतुनाशक आणलं होतं आणि त्याचा अंश चिखलात उतरत होता. गांडुळं मेली, तर गटाचा धंदाच बसणार होता.

"लिडिया मॅडम काय म्हनत्यात बघू," भागिरथीबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "तवर फावडं लावायचं न्हाई."

लिडिया राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आली होती. रसायनं मातीतल्या जिवांना बाधतात का, हे तपासणं तिचं रोजचं काम. दोन दिवसांपूर्वी तिने एका ट्रेच्या मधोमध पत्रा उभा करून एका बाजूला शेतातली माती आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातल्या नव्या ढिगाचा थंड झालेला प्रेसमड भरला. मग पत्रा काढून मधल्या रेषेवर गांडुळं सोडली. जागा नकोशी झाली की गांडूळ मरायची वाट बघत नाही, सरकतं.

आज ट्रे उकरला, तर झाडून सगळी गांडुळं प्रेसमडात.

कारखान्याचा शेतकी अधिकारी गोरक्षनाथ याच गावचा. त्याने टाळीच वाजवली. "बघा काकू! गांडुळांनी मतदान केलं, तेही बिनविरोध. आता तरी टेम्पो खाली करू द्या."

भागिरथीबाई उठल्यासुद्धा.

"थांबा मावशी," लिडिया म्हणाली. "माझंच चुकलं. मातीसमोर मी खाऊ ठेवला. उपाशी जीव खाण्याकडेच जाणार. औषध त्याला बाधतं का, ते यातून कळत नाही."

"म्हंजी जेवनावळ घालून मतं घेतली व्हय रं गोरक्षा?"

"माझ्याकडं काय बघताय काकू? ट्रे मॅडमनी लावला." त्याने मोबाईल पुढे केला. "आणि औषध बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकात सरळ लिहिलंय, पाण्यात लवकर विघटन होतं."

"पाण्यात," लिडिया म्हणाली. "मावशी गांडुळं विहिरीत पाळत नाहीत."

या वेळी तिने शेडमधला मागच्या हंगामाचा प्रेसमड घेतला आणि ट्रेच्या दोन्ही बाजूंना तोच भरला. एका बाजूला फक्त जंतुनाशक कालवलं, कारखान्यातून येतं तेवढंच. शेजारी आणखी एक ट्रे लावला, त्यात दोन्ही बाजू औषधाविना.

"हा कशाला?" गोरक्षनाथने विचारलं.

"उद्या तुम्ही म्हणाल, खिडकीतल्या उजेडामुळे पळाली."

तो हसला. तेच म्हणायचं त्याच्या मनात होतं.

टेम्पो दोन दिवस तसाच ताडपत्रीखाली राहिला. मग तिघांसमोर दोन्ही ट्रे उकरले. औषधाविनाच्या ट्रेमध्ये गांडुळं दोन्हीकडे पांगली होती. दुसऱ्यात औषधाची बाजू जवळजवळ ओस पडली होती. एकच सापडलं, सुजलेलं, बोट लावलं तरी न हलणारं.

भागिरथीबाईंनी ते तळहातावर घेतलं.

"हा माल वाफ्यात घालू नका," लिडिया म्हणाली. "याबद्दल मला शंका नाही."

"मुरल्यावर चालेल का?" गोरक्षनाथने विचारलं.

"ते अजून माहीत नाही. कारखान्यातला ढीग विहिरीपासून लांब, झाकून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याचीही परीक्षा घेऊ."

"आणि साहेबांना काय सांगू?"

"सांग, गावातली गांडुळं फितूर झाली," भागिरथीबाई म्हणाल्या आणि ड्रायव्हरला हाक मारली. "ने रं बाबा परत! आमी जुन्या मालावर निम्मे वाफे चालवू, पन हे न्हाई."

टेम्पो वळला. गोरक्षनाथने कारखान्याला फोन लावला. पलीकडून आवाज चढला.

"नाही साहेब, कुणी अडवलं नाही. मी स्वतः बघितलंय. रूळ धुतलेलं पाणी रसात न सोडता वेगळं काढता येईल का, तेवढं बघा. मॅडम इथंच आहेत, देऊ का?"

लिडियाने हात पुसून फोन घेतला.